सीट रिकामी ठेवून सुटलेली बोट

तारीख: फेब्रुवारीतला दुसरा रविवार.
ठिकाण: सिडनीचं बंदर, बोटींचा धक्का.
हजर: मी.
गैरहजर: मुलगी, कारण बाळाला लस टोचल्यामुळे ताप. जावई, ड्यूटीवर.

कुठल्याही सहलीत मी आधी हजेरी घेते. जानेफळला आमचा बायकांचा बचत गट आहे, त्याची मी सचिव. वर्षातून एकदा आम्ही लोणारला नाहीतर शेगावला जातो. गाडी सुटण्याआधी मी दारात उभी राहून एकेकीला पुकारते आणि आतून "हाव", "हाव" येतं. कोणीतरी खोडीनं दुसरीचंच "हाव" देते, मग हशा होतो, मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. त्या रविवारी धक्क्यावर उभी राहून सवयीनं मनातल्या मनात हजेरी घ्यायला गेले, तर ती सुरू होताच संपली.

मी मुलीच्या बाळंतपणासाठी सिडनीला गेले होते. बाळ चांगलं होतं, मुलगीही सावरली होती. माझा परतीचा महिना जवळ आला, तेव्हा मुलीनं विषय काढला. तिचं म्हणणं, मी परत जाऊच नये. राहण्याचे कागद करता येतात, ते करून देणारा माणूस तिनं शोधला होता, आणि त्याच्याकडे सोमवारी सकाळी जायचं ठरलं होतं. म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत मला हो किंवा नाही सांगायचं होतं.

"तिथं कोण आहे तुझं आता?" ती म्हणायची. रागानं नाही, काळजीनं.

प्रश्न बरोबर होता. तिचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. दुपारी जेवून जरा आडवे झाले ते उठले नाहीत. तेव्हापासून जानेफळच्या घरात मी, शिलाई मशीन आणि गटाचं दप्तर. पण सिडनीतही फार वेगळं नव्हतं. मुलगी बाळात गुंतलेली, जावई कामात. जावई पुण्याकडचे, फार सभ्य, पण त्यांच्यासमोर मी प्रत्येक वाक्य आधी तपासून मगच बोलायची. दुपारी गॅलरीत उभी राहिले तर खाली गाड्या दिसायच्या, माणूस दिसायचा नाही. "आज काय भाजी केली?" असं विचारणारं त्या अख्ख्या इमारतीत कोणी नव्हतं.

बोटीची तिकिटं मुलीनं माझ्यासाठीच काढली होती, तिचं आणि माझं. बाळंतपणानंतर दोघींनी मिळून पहिल्यांदा घराबाहेर पडायचं, म्हणून. शनिवारी बाळाला ताप आला आणि तिचं राहिलं. तिकिटं परत होत नव्हती. मी म्हटलं, मीही जात नाही. तर ती म्हणाली, "आई, तू जा. तू इथं आल्यापासून घरातून निघालीच कुठं आहेस?" जावयांनी कामावर जाता जाता मला धक्क्यावर सोडलं आणि बोटीतून उतरल्यावर कुठं उभं राहायचं तो खांब दाखवून ठेवला.

मी तयारीनं गेले होते. साडी नको असं मुलीनं सांगितलं म्हणून पंजाबी ड्रेस. पिशवीत लिंबू, आलेपाक, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कोरडा टॉवेल. धक्क्यावरच्या मुलीनं ती पिशवी हसत हसत काढून घेतली आणि कपाटात ठेवली. बोटीत काही न्यायचं नाही. तिनं मला घोट्यापर्यंतचा रेनकोट दिला, त्यावर फुगीर जॅकेट बांधलं, पट्टे ओढून पाहिले. फक्त रुमाल माझ्या मुठीत राहिला.

बोट म्हणजे वर छत नसलेली, लाल रंगाची, बाकांच्या रांगा असलेली. प्रत्येकासमोर धरायला लोखंडी दांडा. माझी जागा तिसऱ्या रांगेत कडेला. मी बसले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर रुमाल टाकला.

का टाकला, ते मला त्या क्षणी कळलंसुद्धा नाही. मेहकरच्या स्टँडवर एसटी लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकतो, तसा हात आपोआप गेला. मागून येणाऱ्याची जागा धरायची असते. तपासणी करत आलेल्या मुलानं तो उचलला, तुमचा का असं खुणेनं विचारलं आणि माझ्या हातात परत दिला. मग कोणी येणार आहे का, असं विचारलं. मी मान हलवली. नाही.

आणि बोट सुटली. शेजारची सीट रिकामी ठेवून.

इथं मला आमच्या ह्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे. ते जानेफळ-मेहकर काळीपिवळी चालवायचे. शाळेसमोरच्या लिंबाखाली जीप उभी करून "मेहकर, मेहकर, मेहकर!" ओरडायचे, आणि सगळ्या सीटा भरल्याशिवाय त्यांची गाडी हलायची नाही. आतले कावायचे.

"भाऊ, सोडा ना आता, दवाखाना बंद होईन!"

"सोडतो बे, एक सीट राह्यली."

"कुठं राह्यली? माह्या मांडीवर बसवता का?"

"तुही मांडी काऊन? आजीच्या बाजूनं जागा हाये. आजी, सरका बरं जराशा."

आजी सरकायची आणि खरंच एक माणूस बसायचा. मी त्यांना म्हणायचे, अहो, लोक शिव्या देतात. ते म्हणायचे, रिकामी सीट नेली की मले वाटते कोनी मांगं राह्यलं. आमच्या गटाच्या सहलीला गाडी त्यांचीच असायची. माझी हजेरी पुरी झाली की ते आरशातून पाहून विचारायचे, "मास्तरीणबाई, झाली का गिनती? का परत शाळा भरवता?"

बोट आधी हळू चालली. मोठा पूल डोक्यावरून गेला, ते पांढऱ्या शिंपल्यांसारखं नाटकघर बाजूनं गेलं. लोक फोटो काढत होते. चालवणारा दाढीवाला तरुण माइकवरून बोलत होता. त्यानं खुणा समजावल्या. हात वर करून तर्जनी गोल फिरवली की बोट गरकन फिरणार. पंजा पुढं धरला की ब्रेक. दोन्ही वेळी दांडा घट्ट धरायचा आणि ओरडायचं. ओरडलंच पाहिजे, असं तो पुन्हा पुन्हा बजावत होता.

मग त्यानं वेग वाढवला. बोट पाण्यावर चालेना, पाण्यावर आपटायला लागली. दगडी रस्त्यावर काळीपिवळी आदळावी तशी, पण खाली रस्ताच नाही. वारा तोंडात शिरत होता. मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, मजाही येत होती. किती दिवसांनी अंगात काहीतरी हललं होतं. मी सवयीनं शेजारी वळले, काय हो, असं म्हणायला. रिकाम्या सीटवर पाणी साचलं होतं.

तेवढ्यात त्यानं हात वर करून तर्जनी फिरवली.

अख्खी बोट स्वतःभोवती फिरली. पूल, इमारती, आभाळ एका ओळीत धावले. पुढच्या रांगेतल्या बाईनं नवऱ्याचा दंड धरला, मागच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, सगळे किंचाळले. मीही ओरडले. आणि माझ्या तोंडातून त्यांचं नाव निघालं.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात, हळदीकुंकवात उखाण्यात घेतलं तेवढंच. बँकेत, दवाखान्यात नाव विचारलं की मी कागद पुढं करायची. ते गेल्यावर तलाठ्यानं विचारलं तेव्हाही शेजारच्या भाभीनं सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना एकदाही नावानं हाक मारली नव्हती. आणि त्या परक्या पाण्यावर, जीव खाऊन, "अहो" नाही, नुसतं नाव. तीन अक्षरं. शेवटचं चांगलं लांबवून.

बोट थांबली. पाण्याची भिंत आमच्या अंगावर कोसळली. लोक हसत, खोकत, डोळे पुसत होते. दाढीवाला मागं वळला आणि त्यानं माझ्याकडे अंगठा दाखवला. त्याला वाटलं, आमच्याकडे असंच काहीतरी जोरात ओरडायची पद्धत असेल. त्यानं माइकवरून तो शब्द म्हणून पाहिला. मग माझ्याकडे पाहून, बरोबर का, अशी भुवई उडवली. मी काय करणार? बरोबरच होता. मी मान डोलावली. तो सगळ्यांना म्हणाला, आता पुढच्या गिरकीला सगळ्यांनी हेच ओरडायचं.

आणि ते ओरडले. बोट फिरली आणि भरल्या बोटीतली माणसं, गोरी, काळी, चिनी, कुठलीकुठली, माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन एका दमात ओरडली. पुढची बाई ओरडली, तिचा नवरा ओरडला, मागच्या पोरींनी तर गाणंच केलं. धक्क्याकडे परत येईपर्यंत प्रत्येक गिरकीला तेच. मी तोंडावर रुमाल धरून बसले होते. हसू आवरत नव्हतं आणि रडूही. तोंडावर इतकं खारं पाणी होतं की कोणाला काही कळलं नाही.

उतरताना त्या पुढच्या बाईनं माझा हात धरून विचारलं, त्या शब्दाचा अर्थ काय? माझं इंग्रजी कामापुरतं. मी म्हटलं, माझा नवरा. तिनं लगेच धक्क्यावर इकडेतिकडे पाहिलं, कुठं आहे तो? मी म्हटलं, घरी.

पिशवी घेतली, अंग पुसलं, जावयांनी दाखवलेल्या खांबाजवळ जाऊन उभी राहिले. ते यायला वेळ होता. सगळे आपापल्या माणसांबरोबर निघून गेले. मघाशी ज्यांनी त्यांचं नाव घेतलं, त्यातलं एकही माणूस त्यांना ओळखत नव्हतं. ओळखायचं कारणच नव्हतं. त्यांच्या नाव घेण्यानं मला कितीही बरं वाटलं असलं, तरी ते नाव इथं कोणाचंच नव्हतं. ते गेल्याचंही इथं कोणाला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी मुलीला नाही म्हणून सांगितलं. ती बाळाचा लंगोट बदलत होती. तिनं तोच प्रश्न विचारला.

"तिथं कोण आहे तुझं?"

"कोणी नाही."

"मग?"

"तिथं तुझ्या बाबांचं नाव निघालं तर लोकांना माहीत असतं, कोणाचं ते."

तिनं लंगोटाची गाठ मारली. मग म्हणाली, "ठीक आहे." ते ठीक नव्हतं, हे दोघींना कळत होतं. विमानतळावर तिनं मला मिठी मारली, ती आधी सोडली मी. नाहीतर सुटली नसती.

मार्चमध्ये जानेफळला आले. घराची किल्ली शेजारच्या भाभीकडे होती. तिचं बांगड्यांचं दुकान, आमच्या दोन्ही घरांची भिंत एक. तिनं घर झाडून ठेवलं होतं, तुळस जगवली होती. चहा टाकून समोर बसली. बोटीत बसल्याचं तेवढं मी तिला फोनवर सांगितलं होतं.

"सांग बरं आता. तुले कोनं चढवलं त्या बोटीत? दिवानी झाली का तू?"

मी सगळं सांगितलं. नाव मी घेतलं म्हटल्यावर तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला.

"या अल्ला! तू? तुह्या तोंडानं?"

"हाव."

"आन् मंग सगळे वरडले?"

"सगळे."

ती हसत सुटली. हसता हसता थांबली, भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ असते तं म्हनले असते, एवढ्या सीटा भरल्या, आता सोड म्हना गाडी."

मग ती गेली. तिच्या दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. मी कप विसळले, बॅग उघडली, कामाला लागले.

ते गेल्यावर करायच्या कामांची यादी मी केली होती, ती जवळजवळ पूर्ण झाली आहे. बँकेचं खातं झालं. विजेचं मीटर माझ्या नावावर आलं. सातबाऱ्यावर फेरफार झाला. काळीपिवळी पिंपळगाव राजाच्या एका माणसानं नेली, तिचे कागद झाले. एकच काम उरलं आहे. मेहकरला तहसीलमध्ये जाऊन रेशनकार्डावरून त्यांचं नाव कमी करायचं. कार्डावर दोनच नावं आहेत, वर त्यांचं, खाली माझं. अर्ज भरलेला आहे, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडलेली आहे. आल्यापासून मी गटाच्या कामाला मेहकरला जाऊन येते, तेव्हा ती फाइल पिशवीत असते. तहसीलच्या फाटकावरून रिक्षा जाते. मी उतरत नाही.

ते काम राहिलं आहे.