आपट्यावरचा होला

मी निवृत्त झालो तेव्हा मुलीनं मला कॅमेरा घेऊन दिला. चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस घरी बसला तर स्वयंपाकघरात येऊन तिच्या आईला भाज्यांची शास्त्रीय नावं सांगत बसेल, अशी तिला भीती वाटली असावी. भीती रास्त होती. कॅमेरा आला आणि मी बुलडाण्यातल्या आमच्या घराजवळच्या बागेत रोज सकाळी फिरायला, खरं तर जागोजागी उभं राहायला, जाऊ लागलो. बाकीचे लोक बागेला दहा फेऱ्या मारतात. मी एका फेरीत पाच ठिकाणी गुडघे टेकतो. सुरुवातीला "सर, चक्कर आली का?" म्हणत लोक धावून यायचे. आता कुणी ढुंकूनही बघत नाही. खरंच चक्कर आली तर माझी पंचाईत आहे.

काढलेला फोटो फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा आणि खाली दोन ओळी माहिती लिहायची, हा माझा शिरस्ता. गटात निम्मे माझे जुने विद्यार्थी, त्यामुळे दरारा होता. कुणाच्या अंगणात काहीही उगवलं की त्याचा फोटो मला यायचा. एकानं पापडावर आलेल्या बुरशीचा पाठवला, तर मी तिचंही नाव सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला हे फार आवडायचं.

यंदा दसऱ्याच्या चार दिवस आधी पाण्याच्या टाकीमागे मला होल्याचं घरटं दिसलं. होल्याइतका बेफिकीर पक्षी दुसरा नसेल. चार काड्या आडव्या टाकल्या, तीन उभ्या, की झालं घर. हात वर केला तर लागेल एवढ्या उंचीवर ते होतं आणि त्यात दोन पिल्लं, पिसं न फुटलेली, विलक्षण कुरूप. ऊन नेमकं त्यांच्यावर पडलं होतं. फोटो असा आला की मला घरी जाईपर्यंत धीर निघेना. तिथल्याच बाकावर बसून तो गटावर टाकला आणि लिहिलं, 'आपल्या बागेत, टाकीमागच्या आपट्यावर होल्याची दोन पिल्लं.'

घरी येऊन चहा घेतोय तोवर सत्तावीस उत्तरं आली. पिल्लांबद्दल एकही नाही.

"आपल्या बागेत आपटा हाये?"

"सर, टाकीच्या कोन्या बाजूनं?"

"चला, यंदा सोनं बाजारातून आणाले नको."

माझा चहा तसाच राहिला. दसऱ्याचं सोनं लुटायला निघालेला माणूस पानं मोजून तोडत नाही, फांदी ओढतो. ते झाड मनगटाएवढ्या जाडीचं, घरटं सात काड्यांचं, पिल्लांना उडता येत नाही आणि पत्ता मी स्वतःच्या हातानं लिहून दिलेला. मी घाईघाईनं लिहिलं, 'कृपया फांद्या तोडू नयेत.' लगेच उत्तर आलं, "फांद्या कोन तोडते सर, चार-चार पानंच घेऊ." गटात दोनशे माणसं आहेत. चार-चार पानांत त्या झाडाचा गोटा झाला असता.

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आपटा नाही, कांचन आहे म्हणून सांगून टाका."

दोन्ही झाडांची पानं दुभंगलेली, दिसायला भाऊभाऊ. बाजारातही दरवर्षी कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून खपतात. पण मी? आपट्याला कांचन म्हणू? माझ्याच विद्यार्थ्यांसमोर?

"होल्याला काय फरक पडतो?" ती म्हणाली.

होल्याला पडत नव्हता, मला पडत होता. तासभर फोन हातात घेऊन बसलो. शेवटी लिहिलं, 'क्षमस्व. पाहण्यात चूक झाली. ते झाड आपट्याचं नसून कांचनाचं आहे. वय झालं.'

मग जे सुरू झालं ते विचारू नका. एसटीतून निवृत्त झालेले माझे एक मित्र गटात सगळ्यांत पुढे. "सर, चौतीस वर्सं पोराइले काय शिकवलं मंग?" त्यामागे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ज्याला दहावीपर्यंत मूळ आणि खोड वेगळं सांगता आलं नाही, त्या विद्यार्थ्यानं आपटा आणि कांचन यांतला फरक दोन परिच्छेदांत पाठवला, वर 'सर, माहितीसाठी'. मी 'धन्यवाद' लिहिलं. आयुष्यात इतका जड शब्द टाइप केला नव्हता. दुसऱ्या दिवशी बागेत एकानं मला लॉन दाखवून विचारलं, "सर, हे गवतच ना?" मीही हसलो.

झाडाकडे मात्र कुणी फिरकलं नाही. मीही लांबूनच फोटो काढत होतो. पिल्लांना पिसं फुटली, मानेला आकार आला. माझ्या हातून कधी निघाले नव्हते असे फोटो निघाले आणि एकही गटावर टाकता येईना, कारण मागे आपट्याची पानं ठसठशीत दिसत होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. जो तो पान हातावर ठेवताना सांगे, "सर, याले आपटा म्हणतात बरं." मी घेत गेलो. सगळ्यांत शेवटी गटातलीच माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. ती धाड गावच्या दवाखान्यात नर्स आहे, दरवर्षी येते. पाया पडली, पण हात रिकामे.

"सकाळी पिशवी घेऊन बागेत गेलती," ती म्हणाली. "म्हटलं, कांचन तं कांचन. सर, तो आपटाच हाये."

मी तिच्याकडे खुर्ची सरकवली.

"पान जाड, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदी जास्त. तुमीच तं शिकवलं होतं नववीत."

"मग गटावर का नाही लिहिलंस?"

"तोडाले हात वर केला, तं होला माह्याकडेच पाहून राह्यलता. तवा समजलं, सर खोटं काऊन बोलले."

मी आत जाऊन कॅमेरा आणला. ती एकेक फोटो पाहत गेली, अगदी सावकाश. मग कॅमेरा मांडीवर ठेवून तिनं विचारलं, "लय हासले ना सर, लोकं तुमाले?"

चार दिवस मी सगळ्यांबरोबर हसत होतो. "हो गं, खूप हसले," एवढंच म्हणायला गेलो आणि तेवढंही मला नीट म्हणता आलं नाही.