निर्गुडीला निवतं

घुग्घुसात झाडाझुडपांना घरी यायचं रीतसर निवतं देणारी बाई एकच, आणि ती नेमकी माझ्या भिंतीला भिंत लावून राहते. आम्ही तिला काकी म्हणतो. खाणीच्या कामासाठी छत्तीसगडातून जी बिऱ्हाडं इथं आली, त्यांतलं एक काकीचं. बाकीच्यांनी येताना भांडीकुंडी आणली. काकीनं सासूकडून शिकलेली जडीबुटी आणली आणि भांडी आमच्याकडून नेली. ती अजून परत आली नाहीत, पण तो विषय वेगळा.

काकीच्या मुलखाची रीत अशी, की औषधाचं झाड सरळ जाऊन ओरबाडायचं नाही. आदल्या संध्याकाळी त्याच्यापुढे हळदीचे तांदूळ ठेवायचे, हात जोडायचे आणि 'उद्या घरी ये' म्हणून निवतं द्यायचं. जंगलात हे शोभतं हो! इथं काकीची झाडं कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला, शेंड्यापर्यंत काळीठिक्कर. पंक्चरच्या दुकानामागच्या कडुनिंबावर गुळवेल चढली आहे. एकदा नातू सुट्टीत आला असताना तिच्यासमोर उभी राहून काकी मोठ्यानं म्हणाली, "उद्या सकाळी घरी ये बाप्पा, नातवाले लय ताप आहे." पंक्चरवाला मधेच बसलेला. तो बिचारा दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, बिस्किटाचा पुडा घेऊन नातवाला पाहायला हजर! "निवतं देल्लं त देल्लं," म्हणत काकीनं त्यालाही गिलासभर काढा पाजला. तेव्हापासून काकी लांबून दिसली तरी तो ट्रकखाली शिरतो.

सकाळी जडी घेऊन घरी पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा दुसरा नियम. एरवी काकी श्वास घ्यायलासुद्धा बोलणं थांबवत नाही, त्यामुळे आमच्या गल्लीची या नियमावर फार श्रद्धा आहे. पण एका सकाळी रायपूरहून तिची विहीण आली आणि रस्त्यातच भेटली. विहीण राम राम घालतेय, आणि ही हातात मुळी धरून नाकासमोर बघत सरळ पुढे! विहीण तिथूनच बसस्टँडवर परत गेली. मी म्हटलं, "काकी, एक शब्द बोलल्या असत्या त काय झालं असतं?"

"विहीण मनवता येते," काकी म्हणाली, "जडी रुसली त नाई मनवता येत."

विहीण अजून मानलेली नाही.

काकीच्या जिवाला घोर एकच होता. आपल्यामागं हे कोण करणार? मुलगा रायपूरला मोबाइलच्या दुकानात, तो काही झाडाला हात जोडायचा नाही. तिच्या गावाकडची जाणती माणसं एकेक करून गेली. शिकवायला काकी एका पायावर तयार होती, पण तिथंही नियम आडवा आला. मागितल्याशिवाय ही विद्या द्यायची नाही. "मांगल्याबिगर देल्लं त जडी नाई राह्यत, चारा होते," ती म्हणायची. "अन् मांगत त कोणीच नाई. मी मेली का सारं मातीत." हे ऐकून मला फार वाईट वाटायचं.

मग कोणीतरी मागावं म्हणून तिचे डावपेच सुरू झाले. मी शिफ्ट संपवून जेवायला बसलो की काकी निर्गुडीची डहाळी घेऊन समोर. डहाळीनं वारा घ्यायचा, ती नाकाशी न्यायची, माझ्या ताटाशेजारी ठेवायची आणि उसासा टाकून पुन्हा उचलायची. टीव्हीवरची मालिका आम्ही डहाळीच्या आडूनच पाहत होतो. शेवटी बायको कावली. "विचारून टाका ना एकदाचं! तुमचं काय जाते?"

मी विचारलं, "काकी, हे कायचं औषध व्हय? मले शिकवा."

काकीनं पदरानं डोळे पुसले आणि मालिका अर्धी सोडून घरी गेली.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं मला रस्त्याच्या कडेला निर्गुडीपुढे उभं केलं. शिफ्ट सुटलेली, मोटरसायकलींची रांग, त्यातला प्रत्येक जण ओळखीचा. मी पुटपुटलो. "निवतं देऊन राह्यला का चोरी करून राह्यला?" काकी कडाडली. मग मी बोंबललो, "निर्गुडीबाई, उद्या घरी येजा!" मागून कोणीतरी ओरडलं, "आमालेबी बोलाव ना भाऊ!" सकाळी मुकाट्यानं पाला आणला. तो तव्यावर गरम करून गुडघ्यावर कसा बांधायचा ते काकीनं दाखवलं. झालं, सुटलो, असं मला वाटलं.

थंडी पडली तसं काकीनं मला पुन्हा निवतं द्यायला धाडलं. म्हणाली, "गल्लीतल्या एका बुढीचा पाय दुखून राह्यला." सकाळी पाला घेऊन येतो तर ती बुढी आमच्याच अंगणात, सुजलेला गुडघा पुढं करून बाजेवर बसलेली. स्वतः काकी!

"मले काऊन धाडलं? तुमीच बांधलं असतं ना!"

"आता नाई चालत. दुसऱ्याले देल्लं का आपल्या हातचा गुण जाते. निर्गुडी आता तुह्या हातची झाली."

मला हे ठाऊकच नव्हतं. मालिका नीट दिसावी म्हणून मी मागितलं, आणि या बाईनं आपल्या हातचं काढून दिलं. पाला मी दोनदा सोडून पुन्हा बांधला. काकी मात्र खुशीत होती.

आता ती माझ्या जेवणाच्या वेळी गुळवेलीचा तुकडा घेऊन येते आणि ताटाशेजारी ठेवते. बायको पुन्हा म्हणाली, "विचारून टाका ना."

मी म्हटलं, "विचारीन. पण अजून थोडे दिवस तिच्याच हातात राहू दे."