एकाच गाईचं दूध आणि आमची गोरी नात

डॉक्टर नसरीन यांनी माझ्या नातीचा तळहात माझ्या तळहातावर ठेवला. माझा हात उन्हानं रापलेला, तरी रेषांमधून लाली होती. तिचा कोऱ्या कागदासारखा. मग त्यांनी बोटानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लाल असायला हवं, तिथंही पांढरंच.

"आजोबा, ही गोरी झालेली नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या अंगात रक्तच नाही."

इरा तेव्हा वर्षाची होऊन गेली होती. मी दवाखान्यात गेलो होतो ते सुनेला सोबत म्हणून नव्हे. 'तसं काही नाही हो मॅडम, हिची आई जरा घाबरट आहे,' हे सांगायला गेलो होतो. वाक्य तयार होतं. ते तसंच गिळलं.

रिपोर्टवर आलं 'सिव्हिअर आयर्न डेफिशियन्सी ॲनिमिया'. म्हणजे शरीरात लोह इतकं कमी की रक्त तयारच होईना. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल भाग. तो अकराच्या वर हवा. इराचा चारावर होता. "झोपेतसुद्धा हिचं हृदय पळतंय," डॉक्टर म्हणाल्या. "आजच ॲडमिट करा. दमलं तर सांभाळणं अवघड जाईल."

आता हे झालं कसं ते सांगतो. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे आणि सल्ला देणारी माणसं आहेत, त्यांनी वाचावं. म्हणजे सगळ्यांनीच.

माझी सून मृणाल वाळूजला कंपनीत आहे. रजा संपली, अंगावरचं दूध आटलं, म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध लावून दिलं होतं. पोरगी त्यावर छान चालली होती. चांगलं चाललेलं आमच्या घराण्याला बघवत नाही. माझी थोरली बहीण अक्का खुलताबादजवळच्या गावी असते. ती आली, पावडरचा डबा हातात घेऊन तिनं हुंगला आणि म्हणाली, "पोरीला पीठ कालवून पाजता व्हय रं? घरात गाय असून?"

गाय तिच्या घरात होती, आमच्या नव्हे. पण आमच्यात गाय सगळ्या घराण्याची असते.

मृणाल म्हणाली, "आत्या, वर्षाच्या आत गाईचं दूध नको म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

"आमी काय डॉक्टरला इचारून वाढलो व्हय?"

यावर सगळे हसले. मीही. वाढलो हे खरंच आहे. जे वाढले नाहीत ते काही सांगायला येत नाहीत, एवढं साधं त्या हसण्यात कुणाला सुचलं नाही.

तर इरा सात महिन्यांची असताना डबा बंद झाला. आमच्याकडं लेकराला दूध एकाच गाईचं द्यायचं असतं, मिसळलेलं नाही. गाय पहिलटकरीण हवी, वासरू जिवंत हवं, रंग एकसारखा हवा. वधूपरीक्षेतही एवढे प्रश्न विचारत नसतील. ही सगळी लक्षणं अक्काच्या गाईत सापडली, यात नवल नाही. रोज सकाळी किटली एसटीनं यायची आणि बस स्टँडवरून ती घरी आणायचं काम माझ्याकडं. निवृत्तीनंतर मला मिळालेलं हे एकमेव पद. किटली छातीशी धरून मी रिक्षात असा बसायचो की रिक्षावाल्याला वाटावं, आत दागिने आहेत.

इराला ते दूध आवडलं. इतकं आवडलं की तिनं वरण, भात, भाकरीचा काला सगळं सोडलं. तोंडाजवळ घास नेला की मान फिरवायची. "दुधानंच पोट भरतंय तिचं, लई चांगलं," अक्का फोनवर म्हणायची. मग पोरगी शांत झाली. रडेना, रांगेना, जिथं ठेवू तिथं बसून राहायची. शेजारपाजारचे म्हणायचे, किती गुणी! भिंतीशी बसवली की चुना चाटायची, तर म्हणे दात येताहेत.

आणि मग ती गोरी व्हायला लागली.

आमच्या कुळात गोरं माणूस सापडणं कठीण. सगळे जांभळाच्या जातीचे. त्यामुळं इराचा रंग उजळला तसा घरात उत्सवच सुरू झाला. अक्का श्रेय गाईला देत होती. माझी बायको म्हणत होती, आमच्या माहेरचा रंग आहे. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोटो मागवून ऑफिसात दाखवत होता. मी किटलीची बाजू लावून धरली. एक लेकरू डोळ्यांदेखत पांढरं पडत होतं आणि आम्ही चार शहाणे त्याच्या रंगावर हक्क सांगत भांडत होतो. आम्हाला बिनडोक म्हटलं तर बिनडोकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावावा.

एकटी मृणाल म्हणत होती, "हिचे ओठ बघा. हे गोरेपण नाही." आम्ही म्हणालो, तुला मेलं कशातच चांगलं दिसत नाही. शेवटी तिनं कंपनीतून सुट्टी काढली आणि पोरीला उचलून निघाली. मग मी मागं धावलो, ते वाक्य घेऊन.

वॉर्डात डॉक्टर नसरीन यांनी समजावून सांगितलं. गाईच्या दुधात लोह जवळपास नसतंच. वर दूध जास्त झालं की जेवणातलं लोहही अंगी लागत नाही. आणि इतक्या लहान आतड्याला ते सोसत नाही, आतून थेंब थेंब रक्त झिरपत राहतं, डोळ्यांना दिसतही नाही. "दूध बुरा नहीं है आजोबा," त्या म्हणाल्या. "वर्षाच्या आत दिलं, आणि नुसतं तेच दिलं, हे वाईट झालं. गाय बेकसूर आहे."

रक्त द्यावं लागणार होतं. एकदम नाही, अगदी हळू, कारण दमलेलं हृदय जास्तीचा भार घेत नाही. इराच्या हाताला शीर सापडेना. सापडली तेव्हा सुई टोचूनही ती रडली नाही, नुसती बघत राहिली. बाहेर बाकड्यावर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी रडावं म्हणून देवाला विनवलं.

अक्का गावाहून आली. पिशवी टांगलेली पाहून नर्सला म्हणाली, "बाई, हे रगत कोणाचं हाय? कोणत्या घरचं?"

डॉक्टर मागंच उभ्या होत्या. "माणसाचं आहे, अक्का. गाईचं पुरे झालं."

अक्का खाली बसली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "कोणाचं का असंना. त्याचं लई भलं होवो." ज्या बाईनं गाईचं वेत, वासरू, रंग सगळं तपासलं, तिनं एका अनोळखी माणसाचं रक्त नावगाव न विचारता मान्य केलं. तो माणूस कोण, मलाही ठाऊक नाही. रोज सकाळी त्याला नमस्कार करतो.

पहाटे इराच्या ओठांवर फिकट गुलाबी रंग आला. नर्स नाडी पाहायला आली तशी इरानं तोंड उघडून असा भोंगा लावला की शेजारची दोन पोरं जागी झाली. त्यांच्या आया चिडल्या. मृणाल मात्र हसत हसत रडायला लागली. मी तिला काहीतरी मोठं बोलणार होतो. सुचलं ते एवढंच, "चहा आणू का गं?" तिनं मान डोलावली. सासऱ्यानं सुनेला आणून दिलेला आमच्या घरातला तो पहिला चहा असावा.

आता दूध आहे, पण दिवसाला दोन लहान पेले, तेही जेवणानंतर. आधी वरण, पालेभाजी, अंडं, भाकरी. तुमच्याकडंही वर्षानंतर डबा सोडून गाईच्या दुधावर यायचं असेल तर डॉक्टरांना विचारा, मग घरच्यांना कळवा. हा क्रम उलटा करू नका. आणि मूल अचानक गोरं आणि गुणी झालं तर पेढे वाटू नका, रक्त तपासा.

लोहाचे थेंब अजून महिनाभर द्यायचे आहेत. ते काम मी मागून घेतलंय. थेंब काळपट असतात, चवीला गंजलेल्या खिळ्यासारखे. इरा ते तोंडात धरते, माझ्याकडं नीट बघते आणि नेम धरून थुंकते. डाग निघत नाहीत. माझे सगळे पांढरे सदरे वाया गेले. बायको म्हणते, जुनं काहीतरी घालून बसत जा. मी मुद्दाम पांढराच घालतो. एवढ्या जोरात थुंकायचं तर अंगात रक्त असावं लागतं.