ईरप्पानं दिलेली भर

समुद्र सोलापूरपासून तीनशे किलोमीटर लांब. आमच्या नळाला पाणी यायचं एक दिवसाआड. अशा गावात १९७६ साली आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे महाजनी सर समुद्र चढणार या काळजीनं वाळत चालले होते. ध्रुवावरचा बर्फ वितळणार आणि खाडीकाठची झाडं, शेवाळ, सगळं बुडून मरणार, असं त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं होतं. ते मरण गच्चीवर घडवून आणायचं आणि पीएच.डी. पदरात पाडून घ्यायची, एवढाच बेत.

त्यांनी रत्नागिरीहून खाडीतल्या तिवराची रोपं चिखलासकट आणली आणि दोन हौदांत लावली. दोन्हींत मिठाचं पाणी. एकातलं आहे तेवढंच ठेवायचं, दुसऱ्यातलं दर महिन्याला दोन बोटं चढवायचं. हे काम ईरप्पाकडे.

ईरप्पा वळसंगचा शेतकरी, आमच्याकडे सात वर्षं टेंपररी शिपाई. समुद्र त्यानं कॅलेंडरवर पाहिलेला. दर जूनला सर त्याला कायम करण्याचं गाजर दाखवत. मलाही दाखवत, कारण मी तिथला टेंपररी डेमॉन्स्ट्रेटर.

दीड वर्ष झालं तरी दुसऱ्या हौदातली झाडं मरेनात. उलट चांगली तरारली. चिखलावर शेवाळाचा हिरवागार थर चढला. सर कासावीस झाले. मार्चमध्ये पुण्याहून त्यांच्या मार्गदर्शक विजयमालाबाई आल्या आणि त्यांनी बाही सारून हौदात हात घातला.

"इथला चिखल एवढा वर कसा?"

"भर दिली की, बाई," ईरप्पा ऐटीत म्हणाला. "पानी चढलं की मुळं गुदमरत्यात. म्हनून वड्याचा गाळ आनून घालतो दर म्हैन्याला. उसाला न्हाय का भर देत?"

बाई हरखल्या. "पाण्याबरोबर जमीनही चढली तर झाडं तगतात! महाजनी, हे लिहा."

सर कसले लिहितात? त्यांच्या प्रबंधात झाडं आधीच मेली होती, टाइप होऊन.

बाईंची गाडी सुटल्यावर सरांनी ईरप्पाला बोलावलं. "सगळा गाळ उपस. पाणी खुणेवरच ठेव. झाडं मेली की त्याच दिवशी तुझ्या अर्जावर सही करतो."

घरात पाच खाणारी तोंडं होती ईरप्पाच्या.

"माज्या हातनं हुयाचं न्हाय, सर. दीड वरीस जगवल्यात मी ती." त्यानं गच्चीची किल्ली टेबलावर ठेवली आणि तो वळसंगच्या एस.टी.कडे चालू लागला.

मला त्याचा भयंकर राग आला. झाडंच ती, तीही परक्या मुलखातली! मग स्वतःचीच लाज वाटली, पण ती काही फार टिकली नाही.

सोमवारी गाळ मी उपसला. झाडं मरायला अकरा आठवडे लागले. जूनमध्ये मी कायम झालो.