मुहय्यो आपाचं राहिलेलं दार

ताजिकिस्तानातल्या खुजंदमध्ये सिर दर्या नदीच्या काठचा आमचा जुना मोहल्ला पाहायला माणसं येतात आणि मुहय्यो आपा त्यांना चालवून चालवून दमवते. वय चौऱ्याहत्तर, पण पायाला भिंगरी. चाळीस वर्षं तिने दारोदार निरोप पोचवले, कुणाच्या लग्नाचे, कुणाच्या मयतीचे. नदीकाठची घरं पाडून फिरायचा रस्ता केला, तरी ती मोकळ्या जागेत थांबून सांगते, "हे सोदिक कुंभाराचं घर. वाकून या, चौकट बुटकी आहे." शिकलेली माणसं खरंच वाकतात! मी शेजारी म्हणून मागे मागे चालतो, मला हसू आवरत नाही.

"एकही दार चुकवलं नाही मी," हे ती दर रविवारी ऐकवते. तेव्हा मात्र मी खाली बघतो. ओयनिसाचं निळं दार आलं की आपा मुकाट्याने रस्ता ओलांडते.

सोदिक हा ओयनिसाचा भाऊ. बावीस वर्षांपूर्वी तो पहाटे गेला आणि आपा निरोप घेऊन निघाली. ओयनिसाचा नवरा दारात उभा, झग्यावर कमरेला पट्टा बांधलेला. मयताच्या घरचे पुरुष आमच्याकडे असेच उभे राहतात. यांना कळलेलं दिसतंय, असं समजून आपा निरोप न सांगताच पुढे गेली. त्या बिचाऱ्याने खरबुजांची गाडी उतरवायला कंबर बांधली होती! दुपारी सोदिकला दफनाला नेलं. बहिणीला भावाचं तोंडही दिसलं नाही. आपा माफी मागायला गेली, तर ओयनिसाने दार तोंडावर आपटलं. तेव्हापासून अबोला.

परवा एका मुलीने विचारलंच, "आपा, हे दार का सोडलं?"

"तुला काय करायचंय? चल पुढे!" आपा खेकसली. दहा पावलं गेली आणि थांबली. मला म्हणाली, "हसू नकोस, मेल्या."

"मी कुठे हसतोय?"

ती मागे फिरली. कडी वाजवली. ओयनिसाने दार उघडलं, तिला पाहिलं आणि पुन्हा लावायला घेतलं. आपाने दार अडवलं नाही. निरोप सांगताना उभी राहायची तशी, छातीवर हात ठेवून उभी राहिली.

"ओयनिसा, तुझा भाऊ सोदिक आज पहाटे गेला गं. दुपारी नेणार आहेत. लवकर चल."

दार अर्धवट तसंच राहिलं.

"थांब," ओयनिसा म्हणाली, "डोक्याला रुमाल बांधून येते."