आंबट चेरी मी जाणूनबुजूनच आणली

मुरंब्यासाठी बागेतल्या आंबट चेऱ्या साखरेत उकळू लागल्या आणि त्यांचा वास घरभर पसरला, की आमचे चिरंजीव ठरलेली कथा सांगतात: बाबांना रोपावरची जर्मन चिठ्ठी वाचता आली नाही, म्हणून गोड चेरीऐवजी आंबट चेरी घरी आली. ही कथा साफ खोटी आहे. चिरंजीव तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

त्यांच्या आईला आंबटाचे डोहाळे लागले होते. जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेन गावात त्या काळी ना कैरी मिळत होती, ना चिंच; बाळंतपणासाठी माहेरी जाणेही जमणार नव्हते. म्हणून मी ते रोप निवडून आणले. मी खड्डा खणत असताना तिने विचारले, "अहो, याला फळ कधी धरणार?"

"तीन-चार वर्षांनी," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच माझी खरी चूक माझ्या ध्यानात आली.

ती पोट धरून हसली. "म्हणजे तोवर आपण इथंच राहायचं म्हणा की!"

मी ती थट्टा समजलो आणि मुळांवर माती लोटत राहिलो. तो प्रश्न होता, हे उमगायला मला म्हातारे व्हावे लागले. उत्तराची तिने किती वर्षे वाट पाहिली, हे सांगायला मात्र आता ती नाही.