गेरू-चुन्याचे दगड

ते दगड उचलायला मी सांगितलं होतं. मुकादमानं नाही, ठेकेदारानंही नाही. पुढे वरिष्ठांना, वर्तमानपत्रवाल्यांना, घरच्यांना जे सांगितलं गेलं त्यात माझं नाव कुठेच आलं नाही, आणि ते येऊ नये याची काळजी मीच घेतली. म्हणून आधी एवढं लिहून टाकतो. बाकीचं मग सांगतो.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या काळात मी एका लहानशा सरकारी मंडळाचा तिथला प्रमुख होतो. मंडळाचं काम ऐकायला गोड होतं. लोकांना मोकळ्या हवेत फिरायला, पोरांना खेळायला जागा करायची आणि उरलंसुरलं रान, पाणी, पाखरं राखायची. त्यासाठी निधी द्यायचा. कार्यालय म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि खाली हळदीचं गोदाम. हळदीचा हंगाम आला की टेबलं, फायली, चहाचे कप, सगळ्यांवर पिवळी पूड बसायची. घरी गेलो की बायको म्हणायची, "आज पुन्हा लग्न करून आलात का?"

मागण्या तर विचारू नका. एका सरपंचानं बगीचा मागितला. जागा बघायला गेलो तर ती त्याच्याच घरापुढची निघाली.

"बाकडी टाका सायेब, संध्याकाळी लोक बसतील."

"लोक म्हणजे कोण?"

"म्हंजे आमीच की."

असं हसत-चिडत चालायचं. पण माझा त्या कामावर विश्वास होता, हे खोटं नाही. माझं बालपण हट्टा गावाकडच्या एका खेड्यात गेलं. ओढा, खळं, चिंचेचा पार, पळायला काय कमी होतं? हिंगोलीतली पोरं मात्र धान्याच्या मोंढ्यात उभ्या ट्रकांच्या मधे क्रिकेट खेळायची. त्यांच्यासाठी एक तरी धड जागा करून दाखवायची, असं मी मनाशी घेतलं होतं.

ती जागा मिळाली औंढ्याकडे. टेकडीच्या पायथ्याला जुना पाझर तलाव, काठाला पळस आणि टेंभुर्णी. हिवाळ्यात तिथे बदकं उतरत. पलीकडच्या अंगाला बंजाऱ्यांचा एक तांडा. आमचा बेत असा की तलावाभोवती पायवाट करायची, पाखरं बघायला मचाण, पोरांना झोके आणि टेकडीवर झाडं. तांड्यातल्या लोकांनी टेकडीवरची चराई आपणहून थांबवली. रोपांना पाणी घालायच्या कामावर तिथल्याच बायका घेतल्या. त्यांच्यातली एक, तिशी ओलांडलेली, फार बोलकी होती. मला बघितलं की डोक्यावरची घागर तशीच धरून म्हणायची, "सायेब, तुमच्या झाडायला लेकरावाणी पाजून राहिले. उद्या मलाच आई म्हनतील!"

एक दिवस तांड्याचा नाईक, म्हणजे तिथला वडीलधारा पुढारी, कार्यालयात आला. खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्यायला.

"सायेब, समदं करा. फकस्त टेकडीखालचा तेवढा कोपरा सोडा."

"काहून?" मी विचारलं. ती माझीही बोली आहे.

"सोडा म्हंजे सोडा. तिकडं आमचं हाय."

"काय हाय? जमीन तर सरकारी हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खोलीत बसलेल्या माणसांकडे पाहिलं. काही सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं आणि परत गेलं. तेवढ्यात आमचा हेडक्लार्क म्हणाला, "नाईक, आज कोपरा, उद्या सोयाबीन, परवा घरकुल. बराबर ना?"

सगळे हसले. मीही हसलो. नाईक उठला.

"बघतो," मी म्हणालो.

"बघा मात्र," तो म्हणाला आणि गेला.

मी बघायला गेलो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्याच आठवड्यात एकटा त्या कोपऱ्यात गेलो. गवत, बोराट्या, आणि गवतात जागोजागी दगडांचे लहान लहान ढीग. काही ढिगांवर वाळलेल्या बाभळीच्या काट्या.

मी शाळेत असताना माझ्या आईचं एक तान्हं गेलं होतं. पाचवी पुजून झालेली होती, नाव ठेवायचं राहिलं होतं. वडील त्याला धडप्यात गुंडाळून ओढ्याकडे घेऊन गेले. मी मागोमाग बांधापर्यंत गेलो आणि तिथून पाहिलं. त्यांनी माती लोटली, वर दगड ठेवले आणि कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्या टाकल्या. हात धुतले. घरी येऊन बैलांना वैरण टाकली. आमच्याकडे लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्याला चौथरा नाही, दिवा नाही, नाव नाही. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी त्याचा उच्चार करत नाही. कार्यालयात चार परक्या माणसांपुढे नाईक तरी कसा करणार?

ते ढीग बघताना मला हे आठवलं. क्षणभरच, पण लख्ख आठवलं. मग मी स्वतःला सांगितलं की कुणीतरी शेतातले दगड वेचून टाकले असतील. आसपास शेत नव्हतं. मी जीपमध्ये बसलो आणि परत आलो. झोके त्याच कोपऱ्यात घ्यायचे ठरले होते. मी नकाशा बदलला नाही.

उद्घाटनाला वरून मोठे पाहुणे येणार असं कळलं आणि धावपळ सुरू झाली. पाहुणे येणार म्हटलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगड मांडायचे आणि त्यांना गेरू-चुन्याचे पट्टे द्यायचे, ही आपल्या सरकारी कामाची जुनी रीत. पायवाट कितीही चांगली असो, कडेला पट्ट्यांचे दगड नसले तर ती झालेलीच नसते.

"दगड कुठून आणू?" मुकादमानं विचारलं. "खाणीवाल्याचा ट्रॅक्टर मोकळा न्हाई."

"टेकडीखाली ढीग पडलेत की."

तो थांबला. "तेच का?"

"तेच. आणि लवकर."

त्याचे मजूर बाहेरगावचे होते. तांड्यातली माणसं त्या आठवड्यात सोयाबीन काढायला जवळा बाजार गावाकडे गेलेली. अडवायला कुणी नव्हतं. दगड उचलले गेले, ट्रॅक्टरच्या फळीनं कोपरा सपाट झाला, झोक्यांचे खांब उभे राहिले. आदल्या संध्याकाळी मी पायवाटेवरून फिरलो. लाल-पांढऱ्या दगडांची ओळ पाण्याच्या कडेनं वळत गेलेली. खरं सांगतो, मला ती सुंदर वाटली.

तांड्यातली माणसं रात्री उशिरा परतली, आणि दुसऱ्या दिवशी स्वागताला तिथल्या बायका बोलावल्या होत्या. आरशांचे जुने पोशाख घालून या, असा आमचाच निरोप होता. पेटीच्या तळाशी ठेवलेले ते कपडे त्यांनी काढले, नसतील त्यांनी मागून आणले. डफ वाजत होता. पाहुणे पुढे, आम्ही मागे, दोन्ही बाजूंना बायका. आणि ती पाणी घालणारी बाई एकदम खाली बसली.

मला वाटलं ऊन लागलं. मी लगबगीनं गेलो. ती ओळीतल्या एका दगडावर हात ठेवून बसली होती. दगड कसला, जात्याची वरची तळी होती ती, अर्धी फुटलेली. खुंटा बसवायचं भोक स्पष्ट दिसत होतं. अर्ध्या भागाला गेरू, अर्ध्याला चुना.

"काय झालं बाई?"

"हे माझ्या जात्याचं हाय."

"अहो, मग त्यात काय? नवीन घेऊन देऊ जातं."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडून ते शब्द गेले.

तिनं वर पाहिलं. रडत नव्हती. तिला बहुतेक अजून कळत नव्हतं की हे खरंच घडलंय. "सायेब," ती म्हणाली, "हे म्या पोरीवर ठेवलं व्हतं. वळखू यावं म्हून."

डफ वाजतच होता. फोटोवाला ओरडला, "बाई, जरा बाजूला व्हा, फोटोत येऊन राहिल्या तुमी!" ती उठली नाही. नखानं चुना खरवडायला लागली. मग तिच्या शेजारची बाई वाकून दगड बघू लागली, मग तिच्या पलीकडची. बघता बघता सगळी ओळ मोडली. आरशांच्या पोशाखातल्या बायका पायवाटेवर वाकून एक-एक दगड उलटून बघत होत्या, आपापसात त्यांच्या बोलीत काही विचारत होत्या. एक म्हातारी टेकडीकडे गेली आणि झोक्यांपाशी नुसती उभी राहिली. कुठे बघावं ते तिला समजेना.

"मग पोरगी कुठंय माझी?" ती बाई मला विचारत होती. "सायेब, कुठून उचललं हे? जागा दाखवा ना."

पाहुण्यांनी वळून विचारलं, "काय गडबड आहे?"

"काही नाही सर," मी म्हणालो. "बायकांचा आपसातला काहीतरी विषय आहे."

पाहुणे पुढे गेले. नाईक माझ्याजवळ आला. तो आरडाओरडा करेल, हात उचलेल, असं वाटलं. उचलला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "तुमाला सोडा म्हनलं व्हतं. अजून काय सांगावं मानसानं?"

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगण्यासारखं नाही. बाहेरच्या मजुरांनी अजाणता केलं, असं मी वर कळवलं. मुकादमाचं काम गेलं. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "सायेब, तुमीच म्हनले व्हते ना, तेच?"

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

झोके काढले. दगड परत कोपऱ्यात नेऊन टाकले, पण कोणता कुठला, कोण सांगणार? सगळ्यांचा मिळून एकच ढीग झाला. त्या बाईनं अर्धी तळी डोक्यावर घेतली आणि तांड्यात नेली. पोरीवर परत ठेवायची तर जागाच उरली नव्हती, म्हणून. पाण्याच्या कामावर ती परत आली नाही.

तलावाचं उद्यान मात्र चांगलं चाललं. शाळांच्या सहली यायला लागल्या. माझं कौतुक झालं, बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात त्याहून मोठं पद मिळालं. तिथेही पाहुणे यायचे, आणि प्रत्येक वेळी रस्त्याच्या कडेला पट्ट्यांचे दगड असायचे. मी मान वळवून चालायला शिकलो.

मग बऱ्याच वर्षांनी एकदा गावी गेलो असताना ओढ्यावरच्या पुलाचं काम चाललेलं आईला कळलं. म्हातारी घाबरी होऊन म्हणाली, "ते चिंचेखालचे दगड तर न्हाई ना हालवले?"

"तुला ठाऊक हाय ती जागा?" मी चकित झालो. वडिलांनी तिला कधी सांगितली नसेल, असं मी धरून चाललो होतो.

"दर साली जाऊन येते की. नुसती बघून येते." एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निघालो. मुकादमाची चौकशी केली. तो घरदार घेऊन पुण्याकडे कामाला गेलेला, पत्ता कुणाकडे नव्हता. त्याचं देणं तसंच राहिलं आहे. एसटीनं जवळा बाजारला उतरलो आणि तिथून तांड्यात गेलो. नाईक वारला होता. त्या बाईचं घर एकानं दाखवलं.

ती दाराशी दाणे पाखडत होती. केस पांढरे झालेले. तिनं मला लगेच ओळखलं. दाराशेजारी भिंतीला ती अर्धी तळी उभी होती; पाथरवटाच्या टाकीनं पाडलेल्या खाचांत गेरू अजून लाल दिसत होता.

"या सायेब," ती म्हणाली. "जगली का तुमची झाडं?"

"जगली."

"जगतीनच. म्या पाजलेली हायत."

आत बोलवलं नाही, बस म्हणाली नाही. मी येताना शब्द जुळवून आलो होतो. ते सगळे कार्यालयातले होते. ते सोडून दिले.

"मला ठाऊक व्हतं," मी म्हणालो. "दगड कशाचे हायत ते मी आदीच बगून आलो व्हतो. माझ्या मायचं बी एक तसंच हाय, वढ्याकाठी."

सूप थांबलं. "ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मंग काहून?"

"पाव्हणे येनार व्हते."

तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मला लिहिता येत नाही. त्या दिवशी पायवाटेवर पाहिलं होतं तसंच, पुन्हा पहिल्यापासून. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो.

"मुकादमानं न्हाई, म्या सांगितलं. त्याच्यावर बी म्याच ढकललं. तुमची पोरगी कुठं हाय ते आता कुनालाच सांगता येनार न्हाई, आन् ते माझ्यामुळं. चुकलं माझं, माय."